पदकावरची पट्टी : सुराबाया, १९४५

माण तालुक्यातल्या एका घरात भिंतीवर चौकटीत लावलेली पदके पाहण्याचा योग आला. घरच्यांनी सांगितले, "आजोबा बर्माच्या लढाईत होते." बर्मा स्टार तिथे होताच. पण त्याच्या शेजारी आणखी एक पदक होते. जांभळी फीत, मध्ये हिरवा पट्टा आणि फितीवर धातूची छोटी पट्टी. तिच्यावर इंग्रजीत कोरले होते, एस. ई. एशिया १९४५-४६. जपानने १५ ऑगस्ट १९४५ रोजी शरणागती जाहीर केली. मग त्यानंतरच्या सालाची ही लढाई कोणती? घरात कोणालाच सांगता येईना. नातवाने मात्र मला विचारले, "आजोबा कोणाच्या बाजूने लढले?" हा लेख त्या प्रश्नातून निघाला.

ती पट्टी जपानच्या शरणागतीनंतर मुख्यतः जावा-सुमात्रात केलेल्या चाकरीबद्दल दिली जाई. ही बेटे मूळची डच वसाहत. १९४२ मध्ये जपानने ती घेतली. जपान पडताच दोन दिवसांत, १७ ऑगस्टला, सुकार्नो आणि हात्ता यांनी इंडोनेशियाचे स्वातंत्र्य जाहीर केले. डचांना आपली वसाहत परत हवी होती, पण तिथे उतरवायला त्यांच्याकडे पुरेसे सैन्य नव्हते. दोस्त राष्ट्रांच्या वतीने जबाबदारी आली माउंटबॅटन यांच्या आग्नेय आशिया सेनापतीपदाकडे. कागदावरचे काम दोनच ओळींचे होते : जपान्यांची शस्त्रे काढून घेणे आणि छावण्यांतल्या युद्धकैद्यांना, डच बायकामुलांना सोडवणे. माउंटबॅटन यांच्या हाताशी जे सैन्य होते, त्यात मोठा भरणा भारतीयांचा होता.

२५ ऑक्टोबर १९४५ रोजी पूर्व जावातल्या सुराबाया बंदरात ४९ वी भारतीय ब्रिगेड उतरली. माणसे सुमारे चार हजार, ब्रिगेडियर मॅलबी. ब्रिगेडमधल्या तीन पलटणींपैकी दोन मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या, म्हणजे चौथी आणि सहावी; तिसरी राजपुताना रायफल्सची. चौथी पलटण म्हणजे मार्च १९४४ मध्ये सांगशाकच्या टेकडीवर जपान्यांना अडवणारी. बेळगावच्या डेपोत तयार झालेल्या या गड्यांना वाटत असणार की युद्ध संपले, आता घरी.

पण सुराबाया निःशस्त्र शहर नव्हते. तिथल्या जपानी नौदलाचे ॲडमिरल शिबाता यांनी बराच शस्त्रसाठा इंडोनेशियन तरुणांच्या हाती जाऊ दिला होता. मॅलबी यांनी परिस्थिती ओळखली आणि २६ ऑक्टोबरला स्थानिक नेत्यांशी करार केला : शस्त्रे फक्त जपान्यांची घेतली जातील, इंडोनेशियनांची नाहीत. दुसऱ्याच दिवशी बटाव्हियाहून आलेल्या विमानाने शहरावर पत्रके टाकली. वरिष्ठ सेनापती जनरल हॉथॉर्न यांच्या नावे आदेश होता, अठ्ठेचाळीस तासांत शस्त्रे खाली ठेवा. मॅलबींना याची आधी कल्पना नव्हती. वरिष्ठांचे छापील फर्मान निघाल्यावर त्यांना आपला शब्द पाळता आला नाही. शहराने मात्र दगा झाला असेच मानले.

२८ ऑक्टोबरला हल्ला झाला. ब्रिगेड शहरभर लहान लहान तुकड्यांत विखुरलेली होती. इथे दहा माणसे, तिथे वीस. हजारो सशस्त्र तरुण आणि त्यांच्या मागे प्रचंड जमाव. डच बायकामुले घेऊन जाणाऱ्या ट्रकांच्या ताफ्यालाही जमावाने गाठले. गोळ्या संपल्या की चौक्या पडत गेल्या. अखेर सुकार्नो आणि हात्ता यांनाच विमानाने आणावे लागले. ३० ऑक्टोबरला शस्त्रसंधी झाली.

त्याच संध्याकाळी लाल पुलाजवळच्या चौकात इंटरनॅशिओ नावाच्या इमारतीत मराठा पलटणीची एक कंपनी अडकून होती. बाहेर जमाव. मॅलबी मोटारीतून तिथे समेट घडवायला आले आणि अंधार पडल्यावर मोटारीतच मारले गेले. त्या वेळी गोळीबार कोणी सुरू केला? ब्रिटिशांनी तात्काळ 'दगाबाजीने खून' असे म्हटले. पण १९४६ च्या फेब्रुवारीत त्यांच्याच संसदेत टॉम ड्रायबर्ग यांनी वेगळी बाजू मांडली : हा गोंधळातला प्रकार असावा, आणि गोळीबार आधी भारतीय तुकडीकडून झाला असावा. १९७५ मध्ये जे. जी. ए. पॅरट यांनी 'मॅलबींना कोणी मारले?' याच प्रश्नावर स्वतंत्र लेख लिहिला. एकमत आजही नाही. मला त्या इमारतीतल्या जवानांचे वाटते. चौकात काय बोलणी चालली आहेत हे त्यांना नीट कळत नव्हते, आणि दोन दिवसांत आजूबाजूच्या चौक्यांचे काय झाले हे मात्र पक्के ठाऊक होते.

युद्धाच्या कादंबऱ्या सहसा शरणागतीपाशी संपतात. सुराबायातली खरी लढाई तिथून पुढे सुरू झाली. पाचवी भारतीय डिव्हिजन आली. १० नोव्हेंबरला विमाने, युद्धनौका आणि रणगाड्यांसह हल्ला झाला. रेडिओवरून बुंग तोमो लोकांना लढायला उठवत होते. सुमारे तीन आठवडे गल्लीगल्लीत झुंज चालली. इंडोनेशियन मृतांचे आकडे सहा हजारांपासून सोळा हजारांपर्यंत दिले जातात. १० नोव्हेंबर हा इंडोनेशियात आजही वीरदिन आहे.

याची धग मुंबईपर्यंत पोहोचली. भारतीय सैन्य दुसऱ्या देशाच्या स्वातंत्र्याविरुद्ध वापरू नये, असे नेहरू जाहीरपणे सांगत होते. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत 'तलवार'वरच्या खलाशांनी बंड केले. निकृष्ट अन्न आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची मग्रुरी यांबद्दलच्या मागण्यांबरोबर त्यांच्या यादीत आणखी एक मागणी होती : इंडोनेशियातून भारतीय सैन्य परत बोलवा. सैन्याची माघार १९४६ च्या नोव्हेंबर अखेरीस पूर्ण झाली.

खलाशांचे बंड आपण लक्षात ठेवले, ते योग्यच आहे. पण ते खलाशी ज्यांना परत बोलवा म्हणत होते, ते सातारा-रत्नागिरी-कोल्हापूरकडचे शिपाई आपल्या आठवणीतून निसटले. स्वातंत्र्याच्या कथेत ते बसत नाहीत, कारण ते साम्राज्याचे सैनिक होते. पराक्रमाच्या कथेतही बसत नाहीत, कारण ही लढाई मिरवावी अशी नव्हती. राष्ट्रकुलाच्या युद्धकबरींची व्यवस्था पाहणारा आयोग मात्र दुसऱ्या महायुद्धातले मृत्यू ३१ डिसेंबर १९४७ पर्यंत मोजतो. त्या हिशेबात सुराबायात पडलेला गडी महायुद्धातलाच.

नातवाला मी एवढेच सांगू शकलो : बाजू त्यांनी निवडली नव्हती, हुकमाने मिळाली होती. समोरचे तरुण जे मागत होते, तेच दोन वर्षांनी तुझ्या आजोबांच्या देशाला मिळाले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही एकत्रच सांगायला हव्यात. त्याने पदक खाली काढून पुसले आणि पट्टीवरची अक्षरे पुन्हा एकदा वाचली. बर्मा स्टारशेजारी ते परत टांगताना तो म्हणाला, "आता कोणी विचारलं तर जावासुद्धा सांगीन."