दिव्याच्या उजेडापुढं गाडी पळवायची नाही

(पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.)

महिन्यातल्या दोन-तीन शनिवारी सकाळी मी एका परक्या माणसाच्या गाडीत डावीकडच्या सीटवर बसतो. गाडी त्याची, स्टिअरिंग त्याच्या हातात, आणि ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत असतो तसा दुसरा ब्रेक माझ्या पायाखाली नसतो. दीड तास आम्ही इंग्लंडच्या मध्य भागातल्या गावांतून, शेतांतून, हायवेवरून फिरतो. परत आल्यावर मी त्याला सांगतो, काय चांगलं झालं आणि काय सुधारायचं. याचे मला पैसे मिळत नाहीत. घेतलेही तर तो गुन्हा ठरेल, कारण इथे पैसे घेऊन गाडी शिकवायला सरकारी नोंदणी लागते आणि ती माझ्याकडे नाही. माझ्यासारख्याला इथे ‘ऑब्झर्व्हर’ म्हणतात, म्हणजे बघणारा.

गावाकडचे लोक विचारतात, “अरे, लायसन्स असलेल्या माणसाला पुन्हा गाडी काय शिकवतोस? आणि तीही फुकट?” प्रश्न रास्त आहे. पण उत्तर द्यायला मला शंभर-सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं.

ब्रिटनमध्ये मोटार चालवायचं लायसन्स आलं ते १९०३ च्या कायद्याने. पाच शिलिंग भरायचे, कागद घ्यायचा. परीक्षा नाही. त्याच कायद्याने ताशी २० मैलांची वेगमर्यादा घातली, पण ती कोणी पाळत नाही म्हणून १९३० च्या कायद्याने मोटारींवरची वेगमर्यादाच काढून टाकली! नियम मोडतायत ना, मग नियमच नको. आपल्याकडचा वाटावा असा हा न्याय तिकडे होऊन गेलेला आहे. पुढच्या वर्षी, १९३१ साली, एक पेनी किमतीचा ‘हायवे कोड’ निघाला. त्यात घोडागाडीवाल्याने चाबूक कसा फिरवून इशारा द्यायचा हेसुद्धा होतं.

परिणाम? १९३४ साली ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,३४३ माणसं मेली. तेव्हा तिथे वाहनं होती जेमतेम २४ लाख.

त्या वर्षी संसदेत नवा कायदा आला: वस्तीत ताशी ३० मैलांची मर्यादा आणि नव्या चालकांना सक्तीची परीक्षा. विरोध करणाऱ्यांत मूर-ब्राबझन नावाचे खासदार होते. साधा माणूस नव्हे, ब्रिटनमधला वैमानिकाचा पहिला परवाना त्यांच्या नावावर आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की वर्षाला सहा हजारांवर लोक आत्महत्या करतात, त्याचा कोणी गवगवा करत नाही. सुरुवातीला आमच्या गाड्यांखाली कोंबड्या यायच्या, कुत्री यायची. आता कुत्री बाजूला व्हायला शिकली आहेत. तसं सगळं आपोआप सुरळीत होईल.

हसू नका. हाच विचार आपल्या प्रत्येक चौकात रोज उभा असतो: ‘पायी चालणाऱ्याने सांभाळावं.’

तेव्हाचे वाहतूकमंत्री लेस्ली होर-बेलिशा मात्र हट्टाला पेटले होते. लंडनमध्ये रस्ता ओलांडताना ते स्वतः एका मोटारीखाली येता येता वाचले होते. कायदा झाला. मार्च १९३५ मध्ये ऐच्छिक परीक्षा सुरू झाल्या आणि १ जूनपासून सक्ती आली. परीक्षा केंद्रं नव्हतीच. परीक्षक ठरलेल्या वेळी रेल्वे स्टेशनबाहेर किंवा बागेजवळ उभा राहायचा आणि उमेदवार तिथे गाडी घेऊन यायचा.

पुढे महायुद्धात हेच मूर-ब्राबझन काही महिने वाहतूकमंत्री झाले. १९४१ साली, दिवे विझवलेल्या काळोख्या रस्त्यांवर, ९,१६९ माणसं मेली. ब्रिटनच्या इतिहासातला तो आजवरचा सर्वात मोठा आकडा आहे. ते वर्ष अर्ध्यावर यायच्या आधीच ते त्या खात्यातून गेले होते आणि काळोख काही त्यांनी केलेला नव्हता. पण माणसं कुत्र्यांसारखी आपोआप शिकत नाहीत, एवढं त्या आकड्याने सिद्ध केलं.

आता गोष्ट पोलिसांकडे वळते. लंडनच्या पोलिसांच्या गाड्यांचेच इतके अपघात होत होते, की १९३० च्या दशकात हेंडन इथे पोलीस चालकांसाठी वेगळी शाळा निघाली. तिथे सल्ल्याला बोलावलं अर्ल ऑफ कॉटनहॅम यांना. हा गृहस्थ उमराव आणि रेसिंग ड्रायव्हर. आपल्याला वाटेल, रेसवाला माणूस पोलिसांना वेगच शिकवणार. त्याने शिकवली शिस्त. आधी माहिती घ्या, मग गाडीची जागा ठरवा, मग वेग, मग गिअर, आणि सगळ्यात शेवटी अ‍ॅक्सिलरेटर. प्रत्येक वळणाला, प्रत्येक चौकाला हाच क्रम. हात-पायाच्या कौशल्याआधी डोळे आणि डोकं.

हे ज्ञान पोलिसांच्या शाळेत बंद राहिलं असतं तर मी आज हे लिहीत नसतो. १९५५ मध्ये पोलिसांचं हे पाठ्यपुस्तक ‘रोडक्राफ्ट’ या नावाने सर्वांसाठी विक्रीला आलं. १९५६ मध्ये ‘इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅडव्हान्स्ड मोटरिस्ट्स’ ही संस्था निघाली. कल्पना साधी होती: ज्याला लायसन्स मिळालंय त्याने स्वखुशीने यावं आणि पोलिसांच्या पद्धतीने पुन्हा परीक्षा द्यावी. गंमत बघा, त्याच वर्षी सुवेझच्या भानगडीत पेट्रोल टंचाई झाली, परीक्षक रेशनिंगच्या कामाला जुंपले गेले, नेहमीच्या परीक्षा बंद पडल्या आणि शिकाऊ लोकांना एकट्याने गाडी चालवायची मुभा मिळाली. एकीकडे सरकार परीक्षा थांबवतंय आणि दुसरीकडे लायसन्सवाले लोक आपणहून दुसरी परीक्षा द्यायला निघालेत!

परीक्षा घेणारे पोलीस खात्यात तयार झालेले. पण परीक्षेपर्यंत पोचवणार कोण? त्यासाठी गावोगावी गट झाले. जो पास झाला त्याने पुढच्याला तयार करायचं. शिकणारा स्वतःच्या गाडीत, बघणारा शेजारी. ही साखळी आजही चालू आहे, आणि तिच्यातली एक कडी मी आहे.

आता माझी गोष्ट.

मी कराडकडचा. माझे वडील, अण्णा, एसटीत ड्रायव्हर होते. कराड-चिपळूण, कुंभार्ली घाट. पावसाळ्यात समोर धुक्याची भिंत आणि मागे पन्नास माणसं. २५ वर्षं विनाअपघात सेवा झाली तेव्हा एसटीने त्यांचा सत्कार केला. घरात तो फोटो आहे. पण त्यांनी मला गाडी कधी शिकवली नाही. “आमचं पोटासाठी झालं, तू शिकून साहेब हो,” एवढंच. मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पंधरा दिवस गेलो, मैदानात आठचा आकडा काढला आणि लायसन्स हातात आलं. रस्त्यावर मला कोणी तपासलंच नाही.

१९९९ सालच्या हिवाळ्यात माझा चुलतभाऊ गेला. वय तेवीस. रात्री मोटरसायलकवरून येताना, रस्त्यात बंद पडलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळला. ट्रॉलीला लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. माणसं म्हणाली, घातवार होता, नशीब. ट्रॉलीवाल्यालाही शिव्या दिल्या, त्या योग्यच होत्या. अण्णा तीन दिवस काही बोलले नाहीत. चौथ्या दिवशी ओट्यावर बसून एकच वाक्य म्हणाले, “दिव्याच्या उजेडाम्होरं गाडी पळवली पोरानं.”

मला राग आला होता. मेलेल्या पोराची चूक काढतात म्हणून.

पुढे नोकरीसाठी इंग्लंडला आलो. भारतीय लायसन्सवर इथे एक वर्ष चालतं, मग इथली परीक्षा द्यावी लागते. मी पहिल्यांदा नापास झालो. दहा वर्षं गाडी चालवणारा मी आणि आरसा बघत नाही म्हणून नापास! दुसऱ्या वेळी पास झालो, पण अहंकाराला लागलेलं टोचत राहिलं. म्हणून काही वर्षांनी त्या प्रगत कोर्सला नाव घातलं.

माझा ऑब्झर्व्हर हा सत्तरीचा निवृत्त गृहस्थ. पहिल्या दिवशी तो वीस मिनिटं गप्प बसला. मग एका अरुंद गावरस्त्यावर त्याने विचारलं, “या वळणापलीकडे झाड पडलेलं असेल तर तू थांबशील का?” मी म्हटलं, बहुतेक. तो म्हणाला, “नियम एकच. जेवढा रस्ता मोकळा दिसतोय, तेवढ्यात, आपल्या बाजूला थांबता आलं पाहिजे. दिसतं त्यापेक्षा जास्त पळायचं नाही.”

मी गाडी बाजूला घेतली. अण्णांचं वाक्य होतं ते. शब्दसुद्धा जवळपास तेच. ओट्यावर ते पोराची चूक काढत नव्हते. जे त्यांना माहीत होतं आणि कोणाला सांगितलं नव्हतं, ते स्वतःलाच ऐकवत होते.

त्यानंतरचा कोर्स मी अण्णांच्या शेजारी बसल्यासारखा केला. वळणावर रस्त्याच्या दोन कडा जिथे एकत्र मिळाल्यासारख्या दिसतात, त्या बिंदूवर नजर ठेवायची. तो जवळ येत राहिला तर वेग कमी, लांब पळू लागला तर वाढवायला हरकत नाही. रस्त्यावर ताजी घोड्याची लीद दिसली तर पुढे घोडेस्वार असणार. ताजा चिखल असेल तर पुढे ट्रॅक्टर. लहानपणी केबिनमध्ये बसलो असताना अण्णा रस्त्यावर पडलेली उसाची कांडी बघून पाय काढायचे, ते का, हे मला चाळिशीत इंग्लंडमध्ये कळलं.

परीक्षा पास झालो. गटाने विचारलं, आता तू बघणारा होशील का? मला वाटलं, येतं ते सांगायचं, त्यात काय. खरी परीक्षा तिथेच होती. आपण चांगलं चालवणं वेगळं आणि दुसऱ्याला ते दिसायला लावणं वेगळं. माझ्या तयारीच्या वेळी मागच्या सीटवर एक अनुभवी ऑब्झर्व्हर बसला होता. फेरी संपल्यावर तो म्हणाला, “तू एका तासात त्याच्या बारा चुका सांगितल्यास. त्याला एकही आठवणार नाही. एक निवड.” मी ‘असं कर’ म्हणायचो, तो ‘तुला आता काय दिसतंय?’ असं विचारायला सांगायचा. माणसाने स्वतःच्या तोंडाने सांगितलं, की बसच्या खालून कोणाचे तरी पाय दिसतायत, तर पुढच्या वेळी मी नसतानाही त्याला ते पाय दिसतात. सगळा खेळ एवढाच आहे. ब्रेक माझ्याकडे नसतो. माझ्याकडे फक्त प्रश्न असतो, आणि तो वेळेत विचारावा लागतो.

आता आकडे. १९६६ साली ब्रिटनमध्ये ७,९८५ माणसं रस्त्यावर मेली. शांततेच्या काळातला तो उच्चांक. २०२२ साली हा आकडा १,७११ होता, आणि वाहनं चार कोटींवर. हे श्रेय आमच्यासारख्या शनिवारवाल्यांचं नाही, हे आधीच सांगतो. १९६७ मध्ये दारू तपासायचा कायदा आला, १९८३ मध्ये पुढच्या सीटवर पट्ट्याची सक्ती आली, रस्ते सुधारले, गाड्या सुधारल्या, जखमींवरचे उपचार सुधारले. कायदा आणि अंमलबजावणी पहिली, बाकी नंतर. पण कायद्याच्या शेजारी एक समजूत रुजली, की लायसन्स म्हणजे शिक्षण संपल्याचा दाखला नाही.

त्याच २०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. एकट्या महाराष्ट्रात १५,२२४. आपली लोकसंख्या ब्रिटनच्या दुपटीच्या आत आहे आणि मृत्यू जवळपास नऊपट. याला घातवार म्हणायचं का?

तिकडचं सगळं उचलून आणा असं मी म्हणत नाही. मला वेगळंच खुपतं. ब्रिटनने काय केलं? ज्यांना गाडी खरी येत होती त्या पोलीस चालकांचं ज्ञान कागदावर उतरवलं आणि सामान्य माणसांच्या हातात दिलं. आपल्याकडे ते ज्ञान नाही का? घाटात ज्या गिअरने चढतो त्याच गिअरने उतरायचं, चढणाऱ्याला वाट द्यायची, उजेडापुढं पळवायचं नाही. २५ वर्षं विनाअपघात एसटी चालवलेली माणसं आपल्या तालुक्या-तालुक्यात आहेत. आपण त्यांना शाल-श्रीफळ देतो, फोटो काढतो आणि घरी पाठवतो. त्यांच्या शेजारी बसून कोणी विचारत नाही, “तुम्हाला काय दिसत होतं?”

अण्णांना मीही विचारलं नाही. मी पास झालो तेव्हा ते जाऊन दोन वर्षं झाली होती.

तुमच्या गावात असा एखादा निवृत्त ड्रायव्हर असेल. घरात नुकतं लायसन्स मिळालेलं पोर असेल. एका रविवारी दोघांना एका गाडीत बसवा. पोराने चालवायचं, म्हाताऱ्याने बघायचं आणि अधूनमधून एकच प्रश्न विचारायचा. याला सरकार लागत नाही, निधी लागत नाही.

आणि रात्री निघालात तर अण्णांचं ते वाक्य आठवा. दिव्याच्या उजेडापुढं गाडी पळवायची नाही.