कोणत्या खात्यात?

बँकेत वीस वर्षं काढली की एक गोष्ट पक्की कळते. रक्कम केवढी, यापेक्षा ती कोणत्या खात्यात पडली याला महत्त्व! ‘येणे’मध्ये दाखवलेल्या आकड्याकडे बघून साहेब हसतात, तोच आकडा ‘बुडीत’मध्ये गेला की ऑडिटर घाम फोडतो. शब्दांचंही तसंच असतं, हे मला ‘सायकेडेलिक’ या शब्दाची कुळकथा वाचताना पटलं.

हा शब्द ऐकला की आपल्याला आठवतात ते गोव्याच्या किनाऱ्यावरचे जटाधारी हिप्पी आणि डोळ्यांना झोंबणारे रंग. पण शब्दाचा बाप निघाला मनोरुग्णालयातला डॉक्टर! हंफ्री ऑस्मंड. माणूस इंग्रज, नोकरी कॅनडातल्या वेबर्नला. छिन्नमनस्क रोग्याला जे भास होतात ते घटकाभर आपल्यालाही झाले तर रोगी कळेल, म्हणून यानं स्वतः मेस्कलीन घेऊन पाहिलं. (रांग कळावी म्हणून साहेब काउंटरबाहेर उभे राहतील तो सुदिन!)

मे १९५३ मध्ये यानं कॅलिफोर्नियात जाऊन लेखक ऑल्डस हक्सलेला ०.४ ग्रॅम मेस्कलीन दिलं. धास्ती एकच, की ‘हक्सलेला वेड लावणारा’ म्हणून आपलं नाव व्हायचं! हक्सले मात्र फुलं आणि स्वतःच्या विजारीच्या चुण्या बघण्यात रंगून गेला, आणि पुढच्याच वर्षी त्यावर पुस्तक लिहून मोकळा झाला.

अडचण होती नावाची. डॉक्टर मंडळी या द्रव्यांना ‘वेडाची नक्कल करणारी’ म्हणत. वेड म्हटलं की संपलंच; आत काय दिसलं हे कोण विचारतो? १९५६ मध्ये दोघांची पत्रापत्री झाली. हक्सलेनं ग्रीकमधून ‘फॅनेरोथाइम’ काढला. म्हणून बघा, जिभेला गाठ बसते. ऑस्मंडनं ‘सायकी’ म्हणजे मन आणि ‘डेलॉस’ म्हणजे उघड, यांची मोट बांधली. दोघांनीही आपापला शब्द दोन ओळींच्या यमकात बसवून धाडला होता, हे विशेष. १९५७ मध्ये ऑस्मंडनं तो शास्त्रज्ञांपुढे मांडला.

पुढे पोरांनी तो पळवला. पोस्टरं, गाणी, झगे, सगळं सायकेडेलिक! मग सरकार जागं झालं. १९७० च्या अमेरिकन कायद्यानं एलएसडी, मेस्कलीन वगैरे पहिल्या यादीत, म्हणजे औषधी उपयोग शून्य अशा रकान्यात टाकली. दारूच्या व्यसनावर ऑस्मंड आणि त्याचे सहकारी एलएसडी देऊन बघत होते. त्यात तथ्य किती, हे तपासणंही मुश्कील झालं.

शब्द बदनाम झाला म्हणून १९७९ मध्ये काही अभ्यासकांनी ‘एन्थिओजेन’ काढला, म्हणजे आत देव जागवणारं! द्रव्य तेच, खातं देवाचं. त्या मंडळींतले गॉर्डन वॉसन पूर्वी जे. पी. मॉर्गन बँकेत व्हाइस प्रेसिडेंट होते. ऋग्वेदातला सोम म्हणजे अळंबी, असं पुस्तकही त्यांनी १९६८ मध्ये लिहिलं होतं. बँकवाला खातं बदलणारच, मला नवल नाही.

पण मूळ शब्द चिवट. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठानं त्याच नावाची पाटी लावून संशोधन केंद्र उघडलं. निष्क्रिय खातं चालू करायला आमच्याकडे दोन फोटो लागतात. इथं पन्नास वर्षं लागली.