जुन्या मोटारसायकलीचा रास्त भाव



आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने जुन्या मोटारसायकलीच्या भावावर बोलायचं म्हटलं की काही मंडळी हसतात. हसू द्या. रास्त भाव म्हणजे काय, हा प्रश्न बाजाराइतकाच तत्त्वज्ञानाचाही आहे. आणि तो विचारायला मावळ ही योग्य जागा आहे. कार्ल्याचं चैत्यगृह आपण सगळ्यांनी पाहिलंय. तिथले शिलालेख वाचले तर दान देणारे कोण दिसतात? वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल, धेनुकाकटचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, एक सुतार, आणि स्वतःला यवन म्हणवणारे काही लोक. कोकणातल्या बंदरात उतरलेला माल घाट चढून याच वाटेने देशावर जायचा. म्हणजे घेणारा आणि देणारा समोरासमोर बसून 'किती?' असं विचारतात, याला मावळात दोन हजार वर्षं झाली.

वाट तीच राहिली, वाहनं बदलली. १८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला, १८६३ मध्ये घाटातली रेल्वे आली, २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. त्या मार्गावर दुचाकीला बंदी आहे. त्यामुळे जुनी बुलेट, जावा, येझदी आजही जुन्या हायवेनेच वडगाव, कामशेत करत लोणावळ्याला येते. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची तरुण मंडळी अशा गाड्या घेऊन येतात, चहाला थांबतात आणि गावात विचारतात, "काका, इकडे कुणाकडे जुनी गाडी आहे का?" आपला आजचा प्रश्न तिथून सुरू होतो.

आधी शब्द नीट करून घेऊ. 'व्हिंटेज' हा शब्द आपण फार सैल वापरतो. इंग्लंडमधल्या जुन्या संग्राहकांच्या हिशेबात १९३० नंतरची गाडी व्हिंटेज नव्हेच. भारत सरकारने २०२१ मध्ये नियम केले, त्यांत पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली आणि चासी, इंजिन मूळ स्वरूपात असलेली गाडी व्हिंटेज धरली. आणि आपल्याकडे किक मारून चालू होणारी, लांबून आवाज ओळखू येणारी कुठलीही गाडी व्हिंटेज! विकणारा एका अर्थाने बोलतो, घेणारा दुसऱ्या अर्थाने ऐकतो. भावातला निम्मा गोंधळ इथेच होतो.

आता थोडा इतिहास, कारण भावाला इतिहास असतो. १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली आणि लष्करासाठी मागवलेली बुलेट इथे जुळू लागली. १९६१ मध्ये म्हैसूरला आयडियल जावाचा कारखाना सुरू झाला, पुढे तीच गाडी येझदी नावाने आली. फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सने पोलिश बनावटीवरून राजदूत काढली. गाड्या थोड्या, मागणी भरपूर, आणि किती बनवायच्या ते परवान्यावर ठरायचं. आकुर्डीत, म्हणजे आपल्या याच रस्त्यावर, बजाजच्या स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे. हातात आलेली स्कूटर दुसऱ्या दिवशी विकली तर कारखान्याच्या किमतीपेक्षा जास्त पैसे मिळायचे. नव्यापेक्षा जुनं महाग, हे आजच्या मुलांना खरं वाटत नाही. पण त्या भावात यंत्राची किंमत थोडी आणि वाट न पाहण्याची किंमत जास्त होती.

मग १९८५ च्या सुमारास जपानी तंत्राच्या शंभर सीसीच्या गाड्या आल्या. हलक्या, कमी पेट्रोल पिणाऱ्या, रोज सकाळी निमूट चालू होणाऱ्या. जड जुन्या गाड्यांचा भाव कोसळला. १९८३ मध्ये आलेली राजदूत ३५० तर पेट्रोल फार पिते म्हणून लोकांनी नाकारली. १९९६ मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद पडला आणि येझदी गोठ्यात, पडवीत, ताडपत्रीखाली गेल्या. कित्येक भंगारवाल्याने वजनावर नेल्या. आणि आता? २०१८ मध्ये जावा हे नाव नव्या गाडीवर परत आलं, २०२२ मध्ये येझदी. ज्या राजदूत ३५० ला गिऱ्हाईक नव्हतं, तिच्यासाठी लोक तालुके पालथे घालतात.

एकच लोखंड, एकच इंजिन, आणि भाव मात्र तीनदा उलटापालटा झाला. मग 'खरी किंमत' यंत्राच्या आत कुठे तरी बसलेली आहे, असं म्हणता येईल का? आमच्या मते नाही. पण म्हणून 'मिळेल तो भाव रास्त' असंही होत नाही. या दोन टोकांच्या मधली जागा आज आपल्याला शोधायची आहे.

'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन यवन राजा मिलिंदाला विचारतो, रथ म्हणजे नेमकं काय? चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? कशालाच 'हो' म्हणता येत नाही. भाग एका विशिष्ट रीतीने एकत्र आले की त्याला आपण रथ म्हणतो. जुनी गाडी पाहताना हाच प्रश्न समोर असतो. टाकी दुसरीची, मडगार्ड नवं, इंजिन भलत्याच गाडीचं, आणि टाकीवर मात्र १९६५ चा बिल्ला. ही १९६५ ची गाडी आहे का? नागसेनाने राजाला विचारात पाडलं. आपल्याला मात्र निर्णय करावा लागतो. म्हणून चासीवरचा आणि इंजिनवरचा नंबर आरसी बुकाशी अक्षर-अक्षर ताडून पाहायचा. आकड्यांच्या आसपास घासल्याची, पुन्हा पंच मारल्याची खूण दिसली, तर पुढची बोलणी तिथेच थांबवावी.

मग यंत्र. विकणाऱ्याने आधीच गाडी गरम करून ठेवली नाही ना, हे इंजिनवर हात ठेवून बघा. थंड इंजिन चालू होणं ही खरी परीक्षा. बुलेटच्या सायलेन्सरमधून सतत निळा धूर येत असेल तर ऑइल जळतंय. जावा-येझदी टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्येच ऑइल, तिथे थोडा धूर असणारच. तिथे क्रँकचा आवाज ऐकायचा. सिलिंडरचं बोअरिंग किती वेळा झालंय ते विचारायचं, कारण पिस्टनचा शेवटचा ओव्हरसाइझ वापरून झाला असेल तर पुढे स्लीव्हच बसवावी लागते. आणि आपल्या भागातली खास गोष्ट म्हणजे गंज. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तालुक्याच्या पूर्वेला तळेगावाकडे तो बराच कमी. घाटमाथ्यावर वीस पावसाळे उघड्या पडवीत काढलेली गाडी वरून रंगवून चकचकीत करता येते. पण टाकीत टॉर्च मारा, सीटखालची चासी हाताने चाचपा. जमलं तर मालकाला मागे बसवून घाटाचा एखादा चढ चढवा. सपाटीवर झाकलेलं चढावर उघडं पडतं.

कागदांचं वेगळंच आहे. अनेकदा गाडी आजोबांच्या नावावर असते आणि आजोबा जाऊन दहा वर्षं झालेली असतात. आधी वारसाच्या नावे नोंद व्हायला हवी, मगच ती विकता येते. विकणाऱ्यानेही सावध राहावं. नुसत्या टीटी फॉर्मवर सह्या करून गाडी दिली आणि समोरच्याने नाव बदललंच नाही, तर उद्या अपघात झाल्यावर नुकसानभरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलंय. कागदच नसतील तर आपण भावातून काही हजार वजा करतो, ते चुकीचं आहे. कागद नसलेली गाडी म्हणजे सुट्या भागांचा ढीग, तिचा भाव ढिगाचाच.

आता हिशेब. आकडे केवळ उदाहरणासाठी घेऊ. समजा त्याच मॉडेलच्या, चालू आणि कागद पूर्ण असलेल्या तीन-चार गाड्या अलीकडे १,२५,००० च्या आसपास प्रत्यक्ष विकल्या गेल्या. जाहिरातीत मागितलेली किंमत धरायची नाही. मागणं आणि मिळणं यांत अंतर असतं. समोरच्या गाडीला बोअर-पिस्टन, क्रँक, वायरिंग, टायर मिळून ३५,००० लागतील आणि टाकीचे ५,०००. उरले ८५,०००. इंजिन उघडल्यावर जे निघेल त्याच्या जोखमीचे १०,०००. म्हणजे ७५,०००. मूळ हेडलाइट, मूळ मीटर शाबूत असतील तर थोडं वर जायचं. उलट विकणारा म्हणाला, "साहेब, मी हिच्यावर दीड लाख घातलेत," तर नम्रपणे सांगायचं की केलेला खर्च म्हणजे किंमत नव्हे.

इथपर्यंतचा हिशेब चांगला मेकॅनिक आमच्यापेक्षा उत्तम करेल. पण खरा पेच यानंतर येतो. हा हिशेब दोघांपैकी एकालाच येत असेल तर?

पूर्वी जुन्या वाहनाच्या बाजारात विकणारा जास्त जाणायचा आणि घेणारा फसायचा. आपला 'भारतीय करार कायदा' १८७२ चा, त्यात घोड्याचं उदाहरण आहे. एकाला माहीत आहे की आपला घोडा सदोष आहे, तो लिलावात काही न बोलता विकतो. कायदा म्हणतो, ही फसवणूक नाही. पण घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर सांगणं त्याचं कर्तव्य आहे. किंवा घेणारा म्हणाला, 'तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर मी घोडा चांगला आहे असं धरतो', तर गप्प राहणं हेच बोलणं ठरतं. घोड्याच्या जागी येझदी ठेवा. म्हणून आमचा सल्ला, प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारा: "इंजिन कधी उघडलंय का? गाडी कधी अपघातात सापडलीय का?" विचारल्यावर विकणाऱ्याच्या मौनालाही अर्थ येतो.

आज मावळात चित्र उलटं झालंय. आता घेणारा जास्त जाणतो. तो चार हजार फोटो पाहून आलेला असतो. पडवीतली गाडी कोणत्या सालाची, तिचा कार्बोरेटर किती दुर्मीळ, हे त्याला दारातूनच कळतं. आणि समोर असतात म्हातारे बाबा किंवा एकट्या आजी, ज्यांना ती अडगळ वाटते. दवाखान्याचा खर्च निघाला आहे, भंगारवाला पाच हजार म्हणाला होता, हा पाहुणा दहा देतोय, म्हणजे देवमाणूसच! हा भाव रास्त आहे का? कायदा काय म्हणेल? त्याच करार कायद्यात दुसरा घोडा आहे, हजार रुपयांचा, दहा रुपयांना विकलेला. संमती मोकळेपणाने दिली असेल तर करार टिकतो. मात्र संमती खरोखर मोकळी होती का, हे ठरवताना न्यायालय किमतीतली तफावत लक्षात घेऊ शकतं.

कायदा इथे थांबतो. तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनसने मात्र नेमकी हीच स्थिती विचारात घेतली होती. विकणारा सोनं पितळ समजून विकतोय आणि घेणाऱ्याला ते ठाऊक आहे, तर घेणारा अन्याय करतो आणि त्याने भरपाई केली पाहिजे, असं तो म्हणतो. त्याचा दुसरा मुद्दाही उपयोगाचा आहे. वस्तू गेल्याने विकणाऱ्याचं खरंच काही जात असेल, तर तो थोडं जास्त मागू शकतो. पण घेणाऱ्याची नड त्याने विकू नये, कारण ती त्याची नाहीच. म्हणजे आजोबांच्या आठवणीपोटी नातू थोडं जास्त मागतो, ते रास्त. पण 'याला लग्नाच्या वरातीला बुलेट हवीच आहे' हे ओळखून भाव चढवणं रास्त नाही. तसंच दवाखान्याची नड ओळखून भाव पाडणंही नाही.

काही जण म्हणतील, मग ज्ञानाला किंमत नाही का? आम्ही वर्षानुवर्षं शिकलो, फिरलो, त्याचा नफा का घेऊ नये? जरूर घ्यावा. कौटिल्यानेही व्यापाऱ्याला नफा नाकारलेला नाही. देशी मालावर शंभराला पाच आणि परदेशी मालावर दहा अशी त्याने मर्यादा घातली. आपल्याला टक्के ठरवायचे नाहीत. पण गाडी शोधणं, दुरुस्त करणं, तिला पुन्हा रस्त्यावर आणणं हे श्रम आहेत, त्यांचा मोबदला हक्काचा. दुसऱ्याला माहीत नाही एवढ्यावरच मिळालेला फायदा श्रमाचा नाही.

मावळाला हे समजावून सांगायला नको. रस्ता कुठून जाणार हे ज्यांना आधी कळलं, त्यांनी जमिनी घेतल्या. ज्यांना नंतर कळलं, त्यांनी विकल्या. त्या व्यवहारांचे कागद पक्के होते, सह्या खऱ्या होत्या. तरी गावागावांत त्याची रुखरुख अजून आहे. ती नुसती हेव्यापोटी आहे असं आम्हाला वाटत नाही.

तेव्हा रास्त भावाची आमची कसोटी साधी आहे. आपण ज्या कारणासाठी हा भाव स्वस्त किंवा महाग समजतो, ते कारण समोरच्याला मोठ्याने सांगता येतं का? 'आजी, ही गाडी दुर्मीळ आहे, दुरुस्त करून मला हिचे इतके येतील, खर्च इतका आहे, म्हणून मी इतके देतो.' हे वाक्य बोलूनही व्यवहार टिकत असेल तर भाव रास्त. ते लपवावं लागत असेल तर आकडा कितीही बरोबर असो, भाव रास्त नाही. आणि विकणाऱ्यांना एवढंच सांगणं, की ताडपत्री काढण्याआधी एखाद्या जाणत्या मेकॅनिकला दोनशे रुपये देऊन गाडी दाखवा. दारात आलेल्या पहिल्या पाहुण्याला त्याच दिवशी होकार देऊ नका. चार दिवस थांबल्याने लोखंड कुठे जात नाही.

 आता प्रश्न विचारा. शक्यतो भावाचे विचारा, गाडी आमच्याकडे विकायला नाही.