गिरडची वाट आणि दमणी

वर्धा जिल्ह्यातील गिरड हे गाव शेख फरीद यांच्या दर्ग्यासाठी प्रसिद्ध आहे. तेथील टेकडीवर विखुरलेले गोटे म्हणजे संताची थट्टा करणाऱ्या दोन फिरत्या व्यापाऱ्यांचा दगड झालेला माल होय, अशी आख्यायिका आहे. (भूशास्त्र त्यांना झिओलाइटाचे गोळे म्हणते.) इ. स. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपुरास पोहोचला व पुढे त्याची शाखा हिंगणघाटावरून वरोऱ्यास गेली; गिरड मात्र त्यापासून दूरच राहिले. तेथील प्रवास दीर्घकाळ बैलगाडीनेच होई, आणि त्यातील प्रतिष्ठेचे वाहन म्हणजे दमणी.

माल वाहणाऱ्या बंडीची दमणी ही लहान आवृत्ती नव्हे. बंडीत भार सोसण्याला महत्त्व, दमणीत वेगाला. म्हणून तिची साटी हलकी, वर छत आणि आत गादी. चाकांना लोखंडी धाव असल्यामुळे वाटेवरचा प्रत्येक दगड बसणाऱ्यास जाणवे. कमानींच्या अभावी सुख अवलंबून होते ते तोलावर. भार मागे गेला की गाडी उलाळ होते, पुढे गेला की जू बैलांच्या मानेवर बसते. ‘उलाळ’ हा एकच शब्द या रचनेमागील अनुभव पुरेसा सांगतो.

परंतु दमणीचे खरे यंत्र म्हणजे गवळाऊ बैल. वर्धा-नागपूर परिसरातील ही पांढरी, हलक्या बांध्याची जात दुडक्या चालीसाठी नावाजलेली आहे. मराठी फौजांच्या जलद वाहतुकीसाठी ती जोपासली गेली, अशी परंपरा आहे.

दमणी मोटारीमुळे गेली असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे मानावे लागते. केवळ प्रवासासाठी बैलजोडी बाळगणे हे सामान्य कुणब्याच्या आवाक्यातले नव्हते. ते मालगुजारास परवडे. इ. स. १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आली आणि या वाहनाचा आश्रयदाताच उरला नाही. मोटार नसती, तरी दमणी फार काळ टिकली असती असे दिसत नाही.

शंकरपटाने ही परंपरा राखली, असाही एक समज आहे. इ. स. २०१४ मध्ये बंद झालेल्या शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सशर्त अनुमती दिली व २०२३ मध्ये त्यांचा कायदा वैध ठरविला. परंतु पटावरची धाव काही सेकंदांची. दमणीच्या बैलास कोसच्या कोस एकाच लयीत चालावे लागे. पटासाठी निवडलेल्या बैलात तो गुण उतरेलच असे नाही.