गुपकारची द्राक्षं

गेल्या महिन्यात आमच्या कोर्सच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ आला. आमचा एक कोर्समेट सध्या फ्रान्समध्ये आहे. बोर्दोजवळच्या कुठल्याशा खेड्यातल्या वाइनरीत साहेब ग्लास गोल फिरवतायत, त्यात नाक खुपसून वास घेतायत, घोट तोंडात घोळवतायत आणि शेवटी तो चक्क बादलीत थुंकतायत. एनडीएच्या मेसमध्ये ज्याने ताटात कधी वरणाचा थेंब शिल्लक ठेवला नाही, तोच हा प्राणी! ग्रुपवर व्हायची ती चेष्टा झाली. जाता जाता त्याने मला टोमणा मारला, "तू बस तिकडे रसगुल्ले खात."

मी सध्या कोलकात्यात, फोर्ट विल्यममध्ये. (किल्ल्याचं नाव आता विजय दुर्ग झालंय, हे मराठी वाचकांना मुद्दाम सांगतो. ज्या गावाने आपल्या बारगीरांच्या भीतीने 'मराठा डिच' खणला, त्याच गावात!) टोमणा जिव्हारी लागला. रविवारी गाडी काढली आणि इथून पस्तीसएक किलोमीटरवरचं चंदननगर गाठलं. हुगळीकाठचं हे फ्रेंच गाव. पाँडिचेरीला जाण्याआधी डुप्लेने इथे दहा वर्षं कारभार पाहिला. मार्च १७५७ मध्ये क्लाइव्हने जमिनीवरून आणि वॉटसनने नदीतल्या युद्धनौकांवरून इथला किल्ला फोडला आणि तीन महिन्यांत प्लासी झाली. तरी गाव पुढे फ्रेंचांना परत मिळालं आणि २ मे १९५० ला भारताच्या ताब्यात येईपर्यंत त्यांच्याकडेच राहिलं. एखादं तळघर, एखादं पिंप तरी उरलं असेल? स्ट्रँडवर फिरलो, डुप्लेच्या नावाचं म्युझियम पाहिलं, चर्च पाहिलं. वाइनच्या नावाने शून्य. जलभरा संदेश मात्र खाल्ला. चावला की आतून पाक उडतो. शर्टावर डाग घेऊन परतलो.

मग वाचत बसलो, तेव्हा कळलं की या शहराचा फ्रेंच धर्तीच्या वाइनशी जोडलेला एक धागा माझ्या ऑफिसपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. आणि त्या धाग्याचं दुसरं टोक मी बारा-तेरा वर्षांपूर्वी रोज ओलांडत होतो, बुलेटप्रूफ जॅकेट घालून.

४ डिसेंबर १८८३ ला कलकत्त्यात आंतरराष्ट्रीय प्रदर्शन उघडलं. व्हाइसरॉय लॉर्ड रिपन. जागा म्हणजे चौरंगीवरचं इंडियन म्युझियम आणि समोरचं मैदान, जिथे आज सकाळी आमची पोरं धावतात. १० मार्च १८८४ पर्यंत ते चाललं. ते भरवणारा माणूस ज्यूल्स जुबेर. धंदा ऑस्ट्रेलियातला, पण जन्म फ्रान्समधल्या आंगुलेमचा, म्हणजे कोन्याक ब्रँडीच्या मुलखातला. या प्रदर्शनात यंत्रं, कापड, दागिने यांच्या जोडीला हिंदुस्थानात तयार झालेली वाइनही मांडली होती आणि चाखणाऱ्यांना ती आवडली. त्यातली एक काश्मीरची.

काश्मीरचे महाराज रणबीरसिंह यांनी बोर्दोहून द्राक्षवेली आणवल्या होत्या. दल सरोवराच्या काठाने मळे लागले आणि गुपकारला वाइन काढण्याचा कारखाना उभा राहिला. वॉल्टर लॉरेन्सच्या १८९५ च्या काश्मीरवरच्या पुस्तकात त्याचा उल्लेख येतो. मेदोकसारखी तांबडी आणि बार्साकसारखी पांढरी, अशा धर्तीची वाइन तिथे निघायची. माणसंही युरोपातून आणलेली. थोडक्यात, आमचा कोर्समेट ज्या मुलखात उभा राहून थुंकत होता, त्याच मुलखाची वेल श्रीनगरात रुजली होती.

गुपकार! ज्यांनी खोऱ्यात नोकरी केली आहे, त्यांना हे नाव सांगायला नको. बदामीबाग छावणीजवळून दलच्या बुलेव्हार्डकडे जाणारा रस्ता. तारेची वेटोळी, वाळूच्या गोण्या, मंत्र्यांचे बंगले. मी तिथून किती वेळा गेलो असेन, मोजदाद नाही. नजर कायम छपरांवर आणि गल्लीच्या तोंडांवर. पायाखालच्या जमिनीत काय पिकत होतं, हा प्रश्न मला पडला नाही.

तो पडला आमच्या एका हवालदाराला. दिंडोरी तालुक्यातला गडी. घरची द्राक्षबाग एका गारपिटीत झोपली, डोक्यावर सोसायटीचं कर्ज राहिलं, म्हणून भरतीला उभा राहिलेला. एकदा आम्ही गांदरबलजवळ लार भागात, रेपोऱ्याकडून चाललो होतो. ते गाव द्राक्षांसाठी प्रसिद्ध आहे. एका मांडवाखाली तो थबकला आणि बुंध्याशी वाकून बघायला लागला. मी खेकसलो, कारण ती जागा थांबण्याची नव्हती. संध्याकाळी चहा पिताना विचारलं, काय बघत होतास? म्हणाला, "साहेब, खुंट कुठला लावलाय ते बघत होतो. आमच्याकडं वर थॉमसन आणि खाली डॉगरिज. मूळ जंगली, फळ गोड." डॉगरिज हा अमेरिकी जातीचा खुंट. खारं पाणी आणि पाण्याचा ताण सोसतो, म्हणून नाशिककडे बागा त्याच्यावर कलम करतात, हे मला त्या दिवशी कळलं. ऐकलं आणि विसरलो.

आता लॉरेन्स वाचताना ते आठवलं, कारण काश्मीरच्या मळ्यांची गोष्ट खुंटापाशीच येऊन अडते. १८६० नंतरच्या दशकांत फिलॉक्सेरा नावाची मावा किडीच्या जातकुळीतली बारीक कीड अमेरिकेतून युरोपात पोचली. ती मुळांवर बसते. फ्रान्सचं वाइन उत्पादन १८७५ ते १८८९ या चौदा वर्षांत जवळजवळ एक चतुर्थांशावर आलं. उपाय सापडला तोही अमेरिकेतलाच. तिकडच्या जंगली वेलीची मुळं या किडीला दाद देत नाहीत. म्हणून खाली अमेरिकी मूळ, वर फ्रेंच डोळा. जगातल्या बहुतेक वाइनबागा आजही अशाच उभ्या आहेत. दलकाठच्या मळ्यांत ही कीड १८९० च्या सुमारास दिसली आणि तिथेही अमेरिकी वेली आणाव्या लागल्या. कलकत्त्याच्या कौतुकाला तेव्हा जेमतेम सहा-सात वर्षं झाली होती.

रणबीरसिंह १८८५ मध्येच वारले होते. पुढे मळे ओसरत गेले. दोष किडीवर ढकलणं सोपं आहे. पण मी फौजी माणूस, माझं बोट आधी रसदीकडे जातं. झेलम खोऱ्यातला गाडीरस्ता बारामुल्लापर्यंत आला १८९० मध्ये आणि श्रीनगरला पोचला १८९७ मध्ये. म्हणजे प्रदर्शनाच्या वेळी खोऱ्यातून खाली जाणारा माल नावेने बारामुल्लापर्यंत आणि तिथून खेचराच्या किंवा हमालाच्या पाठीवर. एएससीतल्या मंडळींनी हिशोब करावा: एका खेचराला दोन मण ओझं धरलं, तर पन्नासएक काचेच्या बाटल्या. रावळपिंडी सुमारे ३०० किलोमीटर. त्यापुढे रेल्वे. आणि गिऱ्हाईक कोण, तर मैदानी मुलखातले गोरे साहेब, ज्यांच्या दारात खुद्द बोर्दोची बाटली जहाजाने येऊन पडत होती. या भावात कुठली वाइन टिकेल?

गेल्या आठवड्यात त्या हवालदाराला फोन लावला. आता तो नायब सुभेदार होऊन पेन्शनवर घरी आहे. बाग पुन्हा उभी केली आहे. त्याच्याच तालुक्यात आता मोएत हेनेसी या फ्रेंच कंपनीची शांदों वाइनरी आहे. विचारलं, कधी चाखलीस का? म्हणाला, "नाही साहेब. आपलं खायचं द्राक्ष. पिण्यातलं आपल्याला कळत नाही. घरात माळकरी आई."

मग त्याला गुपकारची सगळी गोष्ट सांगितली. त्याने मध्ये एकदाच तोडलं, "थांबा साहेब. खुंट बदलला होता ना त्यांनी? मग बाग का गेली?" मी रस्त्याचं सांगितलं, खेचरांचं सांगितलं. पलीकडे काही क्षण शांतता. त्याच्या बापाची बाग गेली तेव्हा रस्ताही होता आणि गाडीही दारात उभी होती, हे माझ्या लक्षात यायला जरा उशीरच झाला.

"तिथं आता काय आहे साहेब, त्या जागेवर?"

"बंगले. आणि आपलीच पोरं, ड्यूटीवर."

"बरं," तो म्हणाला. "फेब्रुवारीत रजा टाका. तोडा सुरू असतो. वहिनीसाहेबांना पण आणा."

रजेचा अर्ज टाकलाय. कोर्सच्या ग्रुपवर अजून काही बोललेलो नाही.