बीळ

लहानपणी पावसाळ्यात मामाच्या गावी भाताच्या बांधावर खेकड्यांची बिळं शोधत फिरायचो. हात घालायची हिंमत मात्र कधी झाली नाही. पाऊस सरला की बिळं बुजायची आणि माझ्या लेखी गोष्ट तिथंच संपायची.

बुजलेलं बीळसुद्धा टिकतं, हे खूप उशिरा कळलं, तेही एका क्रेफिशमुळे. क्रेफिश म्हणजे गोड्या पाण्यातला, शेवंडीसारख्या अंगाचा आणि पुढे खेकड्यासारख्या नांग्या असलेला प्राणी. आपल्या नद्यांत मूळचा एकही नाही.

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या किनाऱ्यावर डायनोसॉर कोव्ह नावाची जागा आहे. तिथल्या सुमारे साडेदहा कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात सापडलेल्या तुकड्यांवरून अँथनी मार्टिन, टॉम रिच आणि सहकाऱ्यांनी 2008 साली एका नामशेष क्रेफिशचं बारसं केलं : पॅलिओएकिनास्टॅकस ऑस्ट्रेलियानस. म्हणजे 'ऑस्ट्रेलियातला प्राचीन काटेरी क्रेफिश'. त्याच राज्यातल्या आणखी जुन्या खडकात त्यांना क्रेफिशची बिळंही दिसली. गाळानं भरलेली, दगड झालेली. खोदणारा गेला, बीळ राहिलं!

तेव्हा ही भूमी दक्षिण ध्रुवाजवळ होती. हिवाळ्यात दीर्घ अंधार. अशा ठिकाणी बीळ म्हणजे केवढा आधार असेल.

थॉमस हक्सलीनं 1880 साली क्रेफिशवर अख्खं पुस्तक लिहिलं. उत्तर गोलार्धातले क्रेफिश वेगळे, दक्षिणेतले वेगळे, मध्ये मोठा रिकामा पट्टा, हे त्याला दिसलं होतं. पण खंड सरकतात हे तेव्हा कुणाला ठाऊक? आज ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, मादागास्कर, दक्षिण अमेरिका इथले क्रेफिश एकाच कुळातले मानतात, कारण या भूमी एकेकाळी जोडलेल्या होत्या. त्या जुन्या महाखंडाचं नाव गोंडवन. आपल्या मध्य भारतातल्या गोंडांच्या प्रदेशावरून पडलेलं. नाव आपलं, क्रेफिश मात्र त्यांच्याकडे. गंमतच आहे.

पण गंमत इथं संपते. याच कुळातला टास्मानियाचा महाकाय क्रेफिश आज धोक्यात आहे. मादी वयात यायलाच सुमारे 14 वर्षं लागतात. 1998 पासून त्याला पकडायला बंदी आहे. पण काठची झाडं तुटली आणि ओढ्यात गाळ भरला, तर बंदी काय करणार?

ध्रुवावरचा अंधार या कुळानं सोसला. आपल्या घाईपुढे ते टिकेल का? मागे नुसती बिळं उरायला नकोत, एवढंच वाटतं.