लोकरंजन आणि विद्यापीठ



चित्रपटातले गाणे, रेल्वेच्या फलाटावर मिळणारी रहस्यकथा, नाक्यावर उभ्या राहणाऱ्या पोरांचे कपडे, ही काय विद्यापीठात अभ्यासण्याची वस्तू आहे? असा प्रश्न कोणी केला तर आपल्यापैकी पुष्कळजण हसतील. हसावे, इंग्लंडातले विद्वानही हसले होते. परंतु ज्यांनी हा प्रश्न नेटाने लावून धरला त्यांची हकीकत या मांडवात बसून ऐकण्याजोगी आहे. कारण तिचा उगम विद्यापीठाच्या दालनात झाला नाही. दिवसभर काम करून थकून आलेल्या माणसांच्या संध्याकाळच्या वर्गात झाला.

केंब्रिजच्या जेम्स स्टुअर्ट यांनी विद्यापीठाची व्याख्याने गावोगाव नेण्याची योजना 1873 साली सुरू करविली. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1875 मध्ये, न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला चालू केली. एकाने दुसऱ्याचे पाहून केले असे मला म्हणावयाचे नाही. पण त्या काळचे वारे एकाच दिशेचे होते खरे. पुढे 1903 मध्ये इंग्लंडात कामगारांच्या शिक्षणासाठी एक संस्था निघाली आणि 1908 मध्ये रॉचडेल व लाँगटन या गिरणीकामगारांच्या आणि कुंभारकाम करणाऱ्यांच्या गावी आर. एच. टॉनी यांनी तिचे पहिले दीर्घ वर्ग घेतले. हे टॉनी जन्माने कलकत्त्याचे, हे जाता जाता सांगून ठेवतो. त्या वर्गांचा नियम मोठा मार्मिक होता. वर्ग दोन तासांचा. पहिला तास शिक्षकाने बोलायचे, दुसरा तास विद्यार्थ्यांनी. व्याख्यात्याला दुसरा तास नेहमीच जड जातो. परीक्षा नाही, पदवी नाही. त्यामुळे समोरच्या माणसाला पटले नाही तर तो तसे तोंडावर सांगतो.

अशाच बहिःशाल वर्गांत, 1946 पासून, हल विद्यापीठातर्फे रिचर्ड हॉगार्ट नावाचे एक तरुण शिक्षक इंग्रजी वाङ्मय शिकवीत होते. त्यांचा जन्म 1918 चा, लीड्स शहरातला. बाप लहानपणीच गेला, आठव्या वर्षी आई गेली, आणि हन्स्लेट या कामगारवस्तीत आजीने त्यांना वाढविले. शिष्यवृत्त्यांच्या आधाराने ते विद्यापीठापर्यंत पोहोचले. वाङ्मयाची जी दृष्टी त्यांना मिळाली तिच्यावर केंब्रिजच्या एफ. आर. लीव्हिस यांच्या विचारांची छाया होती. लीव्हिस यांचे म्हणणे थोडक्यात असे, की संस्कृती जतन करणारे मूठभरच असतात, आणि छापखाने, सिनेमा व जाहिराती यांचा लोंढा तिला बुडवीत आहे. त्यांच्या पत्नी क्यू. डी. लीव्हिस यांनी 1932 मध्ये लोकप्रिय कादंबऱ्यांच्या वाचकवर्गावर मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यासाठी खपाऊ कादंबरीकारांकडे प्रश्नावली पाठविल्या. म्हणजे या वाङ्मयाकडे पाहिले जात होते. पण वैद्य साथीकडे पाहतो तसे.

हॉगार्ट यांची अडचण येथेच होती. ज्या साप्ताहिकांना रोगाचे जंतू म्हणायचे, ती त्यांच्या घरात, शेजारच्या बायकांच्या हातात त्यांनी पाहिली होती. त्या बायका मूर्ख नव्हत्या. वाचलेले सगळे त्या खरे मानीत नसत. हवे तेवढे घेत आणि बाकीचे सोडून देत. 1957 मध्ये त्यांनी साक्षरतेच्या उपयोगांविषयीचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचे नाव आधी साक्षरतेच्या दुरुपयोगांविषयीचे होते, आणि या एका शब्दाच्या फरकात त्या माणसाची सारी ओढाताण दिसते. ग्रंथाच्या पहिल्या भागात हन्स्लेटचे जुने जिणे आहे: चुलीभोवतीची खोली, ‘आपण’ आणि ‘ते’ असा जगाचा भेद करणारी भाषा, क्लबातली गाणी. दुसऱ्या भागात नव्या, चकचकीत, पैशासाठी घडविलेल्या रंजनावर टीका आहे. या भागाची एक गंमत आहे. सवंग कादंबऱ्यांतले उतारे दिले तर अब्रुनुकसानीचे खटले होतील, अशी प्रकाशकांना धास्ती वाटली. तेव्हा हॉगार्ट यांनी तसले उतारे स्वतःच रचले! प्राध्यापकाने घडविलेल्या त्या पिस्तूलबाज कथा अस्सलाहून अस्सल वाटत, ही त्या वाङ्मयाच्या अभ्यासाची पावतीच म्हणायची.

माझ्या मते ग्रंथाचा पहिला भाग अजोड आहे आणि दुसरा अन्यायाचा. आजीच्या घराकडे जी ममता, ती दुधाच्या दुकानात ग्रामोफोनच्या यंत्रात पैसे टाकून गाणी ऐकणाऱ्या पोरांच्या वाट्याला आलेली नाही. गेलेले ते सोने आणि आलेले ते पितळ, हा न्याय आपल्याकडेही काही अनोळखी नाही.

याच सुमारास ऑक्सफर्डतर्फे प्रौढांचे वर्ग घेणारे, वेल्समधल्या एका रेल्वे सिग्नलवाल्याचे चिरंजीव रेमंड विल्यम्स यांनी 1958 साली संस्कृती ही सामान्य, नित्याची गोष्ट आहे असे ठामपणे मांडले. ई. पी. टॉम्सन हे इतिहासकारही लीड्सच्या बहिःशाल विभागातलेच. तिघांचीही गुरुकिल्ली एकच: रात्रीच्या वर्गातला तो दुसरा तास.

हॉगार्ट 1962 मध्ये बर्मिंगहॅमला प्राध्यापक झाले आणि 1964 मध्ये त्यांनी समकालीन संस्कृतीच्या अभ्यासाचे केंद्र उघडले. विद्यापीठाने नाव दिले. पैसा पाहिजे तर तुम्ही आणा, असा एकंदर सूर. तो आणला पेंग्विन प्रकाशनाच्या अ‍ॅलन लेन यांच्याकडून. 1960 मध्ये लॉरेन्स यांच्या लेडी चॅटर्ली कादंबरीवरून पेंग्विनवर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा हॉगार्ट यांची साक्ष फार गाजली होती. ती ओळख कामी आली. सोबतीला त्यांनी जमेकात जन्मलेल्या, लंडनमध्ये शाळामास्तरकी केलेल्या स्टुअर्ट हॉल यांना घेतले. केंद्र उघडले त्या दिवशीच्या स्वागताची हकीकत हॉल यांनी पुढे सांगितली आहे. इंग्रजी विभागाचे पत्र आले, की तुमचे स्वागत करणे आम्हांस जमत नाही. समाजशास्त्रज्ञांचे पत्र आले, की तुम्ही करता ते समाजशास्त्र आहे असे कृपा करून समजू नका.

हॉगार्ट युनेस्कोत गेल्यावर केंद्राची धुरा हॉल यांच्याकडे आली आणि अभ्यासाचा रोख पालटला. पोशाखाचेच उदाहरण घ्या. महायुद्धानंतर लंडनच्या उंची शिंप्यांनी श्रीमंत तरुणांसाठी एडवर्ड राजाच्या काळातला लांब कोट पुन्हा काढला. थोड्याच दिवसांत तो कामगारवस्तीतल्या पोरांनी उचलला, आणि वर्तमानपत्रांना तो गुंडांचा गणवेश वाटू लागला. कोट तोच; घालणारा बदलला, अर्थ बदलला. हा अर्थ कोण ठरवितो, हा बर्मिंगहॅमच्या मंडळींचा प्रश्न होता.

प्रश्न केवळ कोटाचा राहिला नाही. 1972 मध्ये बर्मिंगहॅमच्याच हँड्सवर्थ भागात तीन मुलांनी रस्त्यात एका माणसाला मारहाण करून लुटले, आणि 1973 मध्ये त्यांच्यापैकी एकाला वीस वर्षांची व इतर दोघांना दहा-दहा वर्षांची शिक्षा झाली. वाटमारी जुनीच, पण तिला वर्तमानपत्रांनी अमेरिकेतून आणलेले एक नवे नाव दिले होते, आणि त्या नावासरशी काळ्या तरुणांविषयीचे भयही आले होते. न्यायाधीश वर्तमानपत्राचा आधार घेई, वर्तमानपत्र न्यायाधीशाचा. हे चक्र उलगडून दाखविणारा हॉल व त्यांच्या चार सहकाऱ्यांचा ग्रंथ 1978 मध्ये निघाला. बातमी वाचण्याचे शास्त्र किती गंभीर असू शकते, आणि त्यात कोणाची वर्षे तुरुंगात जातात, हे ज्याला पाहायचे असेल त्याने तो ग्रंथ पाहावा. केंद्रातही सारे आलबेल होते असे नाही. तिथल्या स्त्रियांनी त्याच वर्षी स्वतःचा ग्रंथ काढून विचारले, की तुमच्या या अभ्यासात पोरेच तेवढी कशी? मुली कोठे आहेत? अँजेला मॅक्रॉबी यांनी मुलींच्या एका खपाऊ साप्ताहिकाची चिकित्सा केली ती याच ओघात.

आपल्याकडे सामग्री कमी नव्हती. अ‍ॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी 1891 मध्ये पोवाडे छापले, य. न. केळकरांनी 1928 मध्ये ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह दिला, म. वा. धोंडांनी 1956 मध्ये लावणीची रसिक चिकित्सा केली. पण शाहिराचे वय दीडशे वर्षे झाले म्हणजे मगच तो अभ्यासाच्या पंक्तीला बसे. जिवंत फडाचा हिशेब, तिकीट काढणारा हमाल आणि बोर्डावर नाचणारी बाई यांच्याकडे वळायला आपल्या विद्वानांना फार वेळ लागला.

हॉल 1979 मध्ये मुक्त विद्यापीठात गेले. तेथे 1982 पासून काही वर्षे लोकप्रिय संस्कृतीचा पाठ्यक्रम चालला आणि घरी बसून टपालाने व दूरचित्रवाणीवरून शिकणारे हजारो विद्यार्थी त्याला लाभले. विषय पुन्हा संध्याकाळच्या वर्गात परतला म्हणायचा. बर्मिंगहॅमच्या केंद्राचा पुढे विभाग झाला. 2001 च्या सरकारी संशोधन-मूल्यमापनात त्याला अपेक्षेहून कमी श्रेणी मिळाली, आणि 2002 मध्ये विद्यापीठाने तो बंद केला. जगभरच्या अध्यापकांनी निषेध केला, विद्यार्थी चिडले. निर्णय फिरला नाही. हॉगार्ट आणि हॉल दोघेही 2014 मध्ये वारले, एकमेकांच्या मागोमाग, दोन महिन्यांच्या अंतराने. तोवर तो विषय कितीतरी देशांच्या विद्यापीठांत रीतसर शिकविला जात होता. जिथे त्याचे केंद्र निघाले तिथला विभाग मात्र बारा वर्षांपूर्वीच मिटलेला होता.